खान, बक्षी आणि बहादूर

या सदरात आजवर मी बहुधा संस्कृत शब्दांच्याच कुळकथा सांगत आलो. या खेपेचा विषय त्या अंगणाबाहेरचा, पार मंगोल देशाच्या गवताळ पठारावरचा आहे. आणि तो मी निवडलेला नसून माझ्या धाकट्या नातवाने मजपुढे आणून टाकलेला आहे.

झाले असे की, गेल्या पंधरवड्यात एके दिवशी चिरंजीव शाळेतून आले ते तोंड फुगवूनच. हातपाय धुणे नाही, खाणे नाही. सूनबाईंनी खोदून खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. इतिहासाच्या तासाला चेंगीझखानाचे नाव निघाले होते. याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाचे आडनाव खान. मधल्या सुट्टीत याने त्यास ऐकविले, "तो चेंगीझखान तुमचाच की रे!" तो मुलगा संतापला. "आमचा कसा? आमचे अब्बा सांगतात, त्याने तर आमच्याच लोकांना मारले." शब्दाने शब्द वाढला आणि एका डब्यातून खाणारे दोघे दोन बाकांवर जाऊन बसले. रात्री पाने वाढली, जेवणे झाली, आणि नातू हळूच माझ्या खाटेपाशी येऊन म्हणाला, "आजोबा, चेंगीझखान मुसलमानच होता ना हो?"

"नव्हता," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एवढासा झाला. परंतु खरे सांगावयाचे तर त्या घटकेस त्याच्याहून मीच अधिक ओशाळलो होतो. तीस वर्षांहून अधिक काळ मी शाळेत संस्कृत शिकविले आणि नड पडेल तेव्हा इतिहासाचेही तास घेतले. चेंगीझखान हे नाव फळ्यावर कितीदा लिहिले असेल त्याची गणती नाही. 'खान' या दोन अक्षरांवरून मुलांनी जी समजूत करून घ्यावयाची ती करून घेतली, आणि मी ती एकदाही मोडली नाही. कारण ती तेथे आहे हेच माझ्या ध्यानी आले नाही.

तेव्हा दुसऱ्या दिवशी कपाटातील पुस्तके खाली काढली. नातवास जे सांगितले तेच थोडे विस्ताराने येथे सांगतो.

चेंगीझखानाचे आईबापांनी ठेवलेले नाव तेमुजीन. इ.स. १२०६ मध्ये ओनोन नदीच्या मुखाशी नव्हे, उगमाशी, मंगोल टोळ्यांची 'कुरुलताई' म्हणजे महासभा भरली आणि तीत त्यास 'चिंगीस खान' ही पदवी देण्यात आली. हे लोक 'तेंगरी'चे, म्हणजे शाश्वत निळ्या आकाशाचे उपासक. १२२० मध्ये चेंगीझखानाने बुखारा आणि समरकंद ही मुसलमानी विद्येची माहेरघरे उद्ध्वस्त केली. त्याचा नातू हुलागू याने १२५८ मध्ये बगदाद जिंकून तेथील खलिफाचा वध केला; इस्लामी जगावर याहून मोठे अरिष्ट त्यापूर्वी आले नव्हते. दुसरा नातू कुब्लाई खान. त्याने फाग्स-पा नामक तिबेटी बौद्ध आचार्यास आपला राजगुरू केले. मंगोलांच्या पश्चिमेकडील शाखा इस्लामात गेल्या त्या हळूहळू. इराणातील गाझान खानाने तो धर्म स्वीकारला १२९५ मध्ये. सारांश, मधल्या सुट्टीतील त्या वादात दुसऱ्या बाकावरचा मुलगा खरा होता आणि आमचे कुलदीपक खोटे होते.

'खान' हा शब्द तर चेंगीझाहूनही पुष्कळ जुना. त्याचे भारदस्त रूप 'खागान'. चीनच्या उत्तरेस रौरान नावाच्या भटक्या लोकांचे राज्य होते; त्यांच्या शेलुन नामक राजाने इ.स. ४०२ मध्ये ही पदवी धारण केल्याचे चिनी इतिहासकारांनी नमूद केले आहे. त्या वेळी आपल्याकडे गुप्तकुलातील दुसरा चंद्रगुप्त राज्य करीत होता. पुढे इ.स. ५५२ मध्ये तुर्कांच्या बुमीन नामक पुढाऱ्याने रौरानांचा मोड केला आणि त्यांच्या राज्याबरोबर त्यांची पदवीही घेतली. पैगंबरांचा जन्म यानंतरचा. म्हणजे इस्लामचा उदय होण्यापूर्वी निदान दोन शतके खान होते, आणि त्यांचा धर्म आकाश, पर्वत आणि पितर यांचा होता.

या तुर्कांचे स्वतःच्या भाषेतील लेख मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात उभे आहेत. कुल तेगीन या राजपुत्राचा स्तंभ इ.स. ७३२ चा, आणि त्याचा वडील बंधू बिल्गे खागान याचा ७३५ चा. त्यांवरील लिपी कोणास लागत नव्हती. ती १८९३ मध्ये थॉमसन नावाच्या डॅनिश पंडिताने लाविली. आणि लिपी लागताच काय दिसले? खागान, खातून, तेगीन, यबगू, शाद, तरखान, बेग, अशी पदव्यांची पूर्ण उतरंडच त्या दगडांवर कोरलेली! खातून म्हणजे खागानाची राणी. बिल्गे खागान आपल्या आईचा उल्लेख याच पदवीने मोठ्या आदराने करतो. वडिलांच्या मागे तिने मुलांना वाढविले. बेग म्हणजे सरदार. आपल्याकडील 'बेगम' ही या बेगाचीच गृहिणी, जशी खानाची खानम.

येथे एक गोष्ट संस्कृताच्या अभिमानी वाचकांसाठी सांगितल्यावाचून राहवत नाही. ओरखोनच्या लेखांहूनही जुनी एक शिला मंगोलियात हुइस तोलगोइ या ठिकाणी सापडली आहे. सातव्या शतकाच्या आरंभीची ती मानतात. तिच्यावरील भाषा मंगोल भाषेच्या गोत्रातली. खागान हा शब्द तीत आहे, बोधिसत्त्वाचाही उल्लेख आहे. आणि लिपी कोणती? आपली ब्राह्मी! इ.स. २०१४ मध्ये विद्वानांच्या एका पथकाने तेथे जाऊन तिचे वाचन केले. ही बातमी वाचली त्या दिवशी मी घरात चार वेळा ती सर्वांस सांगितली. सौभाग्यवतींनी पाचव्या खेपेस, "कळले, ब्राह्मी, आता दूध आणता का?" असे म्हटले, तेव्हा थांबलो. परंतु खानाचे नाव ज्या अक्षरवटिकेने लिहिले गेले तिची आद्य अक्षरे अशोकाच्या आज्ञालेखांत आहेत, आणि त्या आज्ञालेखांचा एक तुकडा आमच्या भाईंदरची खाडी ओलांडून गेले की सोपाऱ्यास सापडला, हा विचार मनातून जात नाही.

खाडीपलीकडचा हा सोपारा या विषयात आणखी एका कारणाने येतो. पण त्यासाठी आधी एका जावयाची गोष्ट सांगितली पाहिजे.

चेंगीझाच्या मागे मध्य आशियात असा दंडक पडला की, खान ही पदवी त्याच्या पुरुषवंशातील पुरुषानेच लावावी. तैमूरलंगाने १३७० पासून निम्मे जग पायाखाली घातले, परंतु तो त्या वंशातला नव्हता. मग त्याने काय करावे? चेंगीझाच्या कुळातील एका नामधारी पुरुषास खान म्हणून गादीवर बसविले, सराय मुल्क खानम या खानकन्येशी स्वतः विवाह केला, आणि नावापुढे बिरुद लाविले 'गुरगान'. या मंगोल शब्दाचा अर्थ जावई! दिल्लीपासून दमास्कसपर्यंत ज्याच्या नावाने मुले रडायची थांबत, तो स्वतःस अभिमानाने घरजावयासारखा 'खानाचा जावई' म्हणवून घेत होता. आणि हे त्याच्यापुरतेच राहिले नाही. बाबर हा तैमूरच्या वंशातला. त्याने १५०७ मध्ये काबूल येथे 'पादशाह' ही पदवी घेतली, पण त्याचे वंशज आपल्या घराण्यास 'गुरगानी'च म्हणवीत राहिले. आपण ज्यास मोगल बादशाही म्हणतो ती तिच्या स्वतःच्या मते जावयाची बादशाही होती. जामात्यास दहावा ग्रह म्हणणाऱ्या आमच्या पूर्वजांना हे ठाऊक असते तर त्यांनी खचित आणखी एखादा श्लोक रचिला असता.

आता सोपारा. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत या किनाऱ्यावर क्षहरात नावाच्या शककुळाचे राज्य होते. शक हे मंगोल नव्हेत व तुर्कही नव्हेत. त्यांची भाषा इराणी गोत्रातली. परंतु तेही त्याच गवताळ प्रदेशातून, त्याच घोड्यांवरून आलेले. त्यांच्या राजाचे नाव नहपान, पदवी 'क्षत्रप', आणि ती पदवीही इराणातली. नाशिकच्या लेण्यांत उषवदात नामक पुरुषाचे मोठे लेख आहेत, आणि त्यांत तो स्वतःची ओळख करून देतो ती नहपान क्षत्रपाचा जामाता म्हणून. हाही जावईच! लेखाची भाषा संस्कृताच्या अगदी जवळची. त्यात दानांची यादी आहे: ब्राह्मणांना तीन लक्ष गाई, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा, डहाणूच्या नदीवर व इतर नद्यांवर फुकट तरी, शूर्पारकाच्या रामतीर्थावरील चरकांना नारळीच्या झाडांचे दान. शूर्पारक म्हणजे हा आमचा नालासोपारा. सायंकाळी भाईंदरच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीवरून जाणाऱ्या गाड्यांकडे पाहत मी कधी कधी म्हणतो, येथे एका शकाच्या खर्चाने होड्या लागत असतील काय? लेखात या खाडीचे नाव नाही, तेव्हा हा केवळ म्हाताऱ्याचा मनोरथ समजावा. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे निर्मूलन केले, आणि तेही नाशिकच्याच लेण्यांत कोरलेले आहे. दान घेणाऱ्या ब्राह्मणांनी उषवदातास त्याचे गोत्र विचारले असेल असे वाटत नाही.

पुन्हा खानाकडे वळू. चेंगीझाच्या काळी एका राज्यात एक खान. मोगल अमदानीत हिंदुस्थानात येईपर्यंत या पदवीचा भाव असा उतरला की, पादशहा वर आणि त्याच्या दरबारात शेकडो खान हात बांधून उभे! दक्षिणेतील शाह्यांतही तीच गत. विजापूरच्या ज्या सरदाराचा प्रतापगडाखाली १६५९ मध्ये निकाल लागला त्याचे मूळ नाव अब्दुल्ला. अफझलखान हा त्याचा किताब. आज ते मूळ नाव किती जणांस ठाऊक आहे? जंजिऱ्याचे सिद्दी हे हबसाणातून म्हणजे आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यातील सिद्दी कासीम यास औरंगजेबाने याकूतखान हा किताब दिला. जरा विचार करा: मनुष्य आफ्रिकेचा, 'याकूत' म्हणजे माणिक हा शब्द अरबी, 'खान' मंगोल पठारावरचा, किताब देणारा दिल्लीपती, आणि त्याच्या गलबतांची दहशत आमच्या कोकणातील कोळ्यांना! १६८९ मध्ये मुंबईत इंग्रजांच्या उरावर जाऊन बसला तो हाच. त्यालाही कासीम म्हणून कोणी ओळखत नाही.

तिसरा खान हैदराबादचा. निजामाच्या घराण्याचा मूळ पुरुष ख्वाजा आबिद हा समरकंदाकडचा. त्याचा नातू कमरुद्दीन यास औरंगजेबाने दिलेला किताब चिनकिलीचखान. यातील 'किलीच' हा तुर्की शब्द, अर्थ तलवार. थोरल्या बाजीरावांनी १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडपाशी पाणी तोडून कोंडला तो हा तलवारखान. पण त्याला पुढे निजामुल्मुल्क, आसफजाह असे इतके किताब मिळाले की, कमरुद्दीन तर राहिलाच, चिनकिलीचही मागे पडला.

या साऱ्यांहून मला प्रिय असलेला खान मात्र जेजुरीचा आहे. आमच्या कित्येक घरांचे कुलदैवत खंडोबा. त्याच्या मुसलमान भक्तांमध्ये त्याचे नाव मल्लूखान, अजमतखान असे चालत आले आहे. घोड्यावर बसणारा, हाती खड्ग धरणारा देव. त्यास लोकांनी आपल्या भाषेतील मोठ्यात मोठे घोडेस्वाराचे बिरुद दिले. नातवास हे सांगितले तेव्हा त्याने देवघराकडे एकदा पाहिले आणि मजकडे एकदा पाहिले. काही बोलला नाही.

शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या सुमारास दरबारी भाषेची शुद्धी आरंभिली हे सर्वविदित आहे. पेशवा तो पंतप्रधान झाला, मुजुमदार तो अमात्य, सुरनीस तो सचिव, डबीर तो सुमंत, सरनोबत तो सेनापती. आणि रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. माझ्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास हा प्रयत्न वंदनीय वाटतो, वाटणारच. परंतु पदव्यांचा मोह कोशाने आवरत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकास पुरती वीस वर्षेही लोटली नव्हती तोच खुद्द छत्रपती राजारामांच्या कारकिर्दीत विठोजी चव्हाणांस किताब मिळाला तो 'हिंमतबहाद्दर'. बाजीराव आणि मस्तानी यांच्या मुलाचे नाव कृष्णराव होते असे सांगतात. इतिहास त्यास समशेरबहाद्दर म्हणूनच ओळखतो. १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन तो वारला. महादजी शिंदे आलीजाबहाद्दर. आणि पुढे इंग्रज आले त्यांनी तर ही शिडी पायऱ्या मोजून बांधून काढली: मुसलमान व पारशी यांना खानसाहेब आणि खानबहादूर, आमच्याकडील हिंदूंना रावसाहेब आणि रावबहादूर. लोकहितवादी रावबहादूर, न्यायमूर्ती रानडे रावबहादूर. जुन्या वाड्यांच्या ओसरीवर या सनदा चौकटीत बसवून लावलेल्या आपणांपैकी कित्येकांनी पाहिल्या असतील. २६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली, तिच्या अठराव्या कलमाने सरकारने असे किताब देणे बंद झाले. चौकटी मात्र भिंतीवर राहिल्या.

'बहादूर' हा शब्दही खानाच्याच गावचा. जुने तुर्की रूप 'बगातूर', मंगोल 'बातर'. चेंगीझखानाच्या पित्याचे नाव येसुगेई बगातूर, म्हणजे आपल्या भाषेत येसुगेई बहाद्दर! हाच शब्द रशियात जाऊन 'बोगातीर' झाला, हंगेरीत 'बातोर' झाला. आणि मंगोलियाच्या राजधानीस १९२४ मध्ये जे उलानबातर हे नाव मिळाले त्याचा अर्थ तांबडा वीर. या येसुगेई बहाद्दराचा अंत कसा झाला? वाटेत तातारांच्या मेजवानीस बसला आणि त्यांनी अन्नातून विष घातले, असे मंगोलांचा जुना ग्रंथ सांगतो. म्हणूनच की काय, चेंगीझाच्या पदरी स्वयंपाकघराचा अधिकारी, 'बाउर्ची', हा अत्यंत विश्वासाचा, मानाचा सरदार असे. आपल्या 'बावर्ची' या शब्दाची आजी ती. माजघरातील मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने वाचावे. आमच्या घरी ते तीनदा वाचून झाले आहे. मशालची, तोफची, खजानची यांतील 'ची'ही तिकडचाच प्रत्यय. व्याकरणाच्या परीक्षेत त्यास षष्ठीचा प्रत्यय लिहिणारा एक विद्यार्थी मला भेटला होता आणि मी त्याचा अर्धा गुण कापला होता. कुर्निसात हाही मूळचा तुर्की, दरबारी दर्शनाचा शब्द.

परंतु माझा जीव जडला आहे तो 'बक्षी' या शब्दावर. पेशवाईत व शिंदेशाहीत बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा मोठा अधिकारी. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे अग्रणी जिवबादादा केरकर हे बक्षी म्हणूनच प्रसिद्ध आहेत. पुष्कळांची समजूत अशी की, पगार देतो तो बक्षी, कारण देणगी ती बक्षीस. तसे नाही. बक्षीस हा फारसी शब्द, बक्षी निराळा. आमच्या तरुणपणी एका जुन्या पुस्तकात वाचले होते की, बक्षी हा संस्कृत 'भिक्षु' शब्दाचा अपभ्रंश. किती आनंद झाला होता! भिक्षू लिहिणारा, म्हणून तो लेखक, म्हणून तो हिशेबनीस. पुढे कळले की हे मत आता फारसे टिकत नाही. शब्द मूळचा चिनी, अर्थ विद्वान. तो उइगूर नावाच्या तुर्कांनी बौद्ध आचार्यांस लाविला, त्यांच्याकडून मंगोलांनी घेतला. लिहिणे जाणणारा तोच, म्हणून मंगोल दरबारात बक्षी लेखनिक झाला, मोगल दरबारात मीर बक्षी होऊन फौजेची हजेरी व पगार पाहू लागला. भिक्षु हातचा गेला याचे वाईट वाटले खरे. पण भरपाई झाली. मंगोलियात आजही शाळामास्तरास 'बग्श' म्हणतात. तो शब्द तेथे जिथून निघाला तिथेच परत येऊन बसला आहे. म्हणजे सेवानिवृत्त झालो तरी मी बक्षी आहे! पगार मात्र दुसऱ्याच कोणा बक्षीच्या हाती राहिला.

अशी आमची रात्रीची व्याख्याने चार-पाच दिवस चालली. दरम्यान बाकावरचे भांडण मिटले. ते माझ्या इतिहासाने मिटले असे मी समजत होतो. चौकशीअंती कळले की त्या मुलाने डब्यात शेवयांचा गोड पदार्थ आणला होता. नातवाने त्यास मल्लूखानाची गोष्ट मात्र सांगितली, आणि तो मुलगा ती आपल्या अब्बांना विचारणार आहे.

गेल्या रविवारी आम्ही दोघे संध्याकाळी बाहेरून परत येत होतो. आम्ही राहतो त्या इमारतीच्या फाटकाशी नेपाळचा एक पहारेकरी सहा वर्षांपासून आहे. पावसात पाणी भरले तेव्हा माझ्या हाताला धरून जिना चढविणारा तोच. दिवाळीच्या फराळाचे ताट त्याला आमच्या घरून जाते. त्याने फाटक उघडले. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "काय बहादूर, बरे आहे ना?" त्याने नेहमीप्रमाणे सलाम केला. जिन्यात नातवाने माझा सदरा ओढला.

"आजोबा, बहादूर ही पदवी आहे ना?"

"होय."

"मग त्याचे नाव काय?"

मी पायरीवरच उभा राहिलो. तेमुजीनचे नाव मला ठाऊक होते. अब्दुल्लाचे, कासीमचे, कमरुद्दीनचे, कृष्णरावाचे ठाऊक होते. पालखेडच्या लढाईची तारीख विचारा, सांगतो. सहा वर्षे ज्याच्या हातून फाटक उघडून घेतले त्याचे नाव मला ठाऊक नव्हते, आणि घरात इतर कोणास ठाऊक असेल असेही वाटले नाही. वर जाऊन विचारले, नव्हते. शेजारी विचारले, त्यांनी हसून 'बहादूरच की' असे सांगितले. येसुगेईने मिरविलेले, बादशहांनी तोलून मापून दिलेले, आमच्या आजोबांच्या पिढीने चौकटीत घालून टांगलेले हे बिरुद आम्ही साऱ्या इमारतीने मिळून फाटकावरच्या मनुष्यास फुकट दिले होते, आणि मोबदल्यात त्याचे नाव काढून घेतले होते.

दोघेही पुन्हा खाली उतरलो. माझी हिंदी बेताची, नातवाने विचारले. तो प्रथम घाबरला. काही तक्रार झाली असावी असे त्यास वाटले. मग त्याने नाव सांगितले. तीन पदांचे नाव आहे. पहिले त्याचे स्वतःचे, शेवटचे कुळाचे, आणि मधले 'बहादूर' हेच. म्हणजे आम्ही अगदीच खोटे बोलत नव्हतो. मधले ठेवून आगापिछा तेवढा टाकून दिला होता. ते नाव त्याला विचारल्याशिवाय येथे छापणे मला प्रशस्त वाटत नाही. त्याची मुलगी काठमांडूस शिकते, हेही त्या दिवशी कळले. ती सातवीत आहे, नातवाच्याच इयत्तेत.

फाटकापाशी टेबलावर येणाऱ्याजाणाऱ्यांची वही असते. तिच्या पहिल्या पानावर पहारेकऱ्याचे नाव म्हणून कोणी तरी एकच शब्द लिहून ठेवला होता. नातवाने माझ्या खिशातले पेन काढून घेतले, आणि त्याच्याकडून एकेक अक्षर वदवून घेऊन उरलेली दोन पदे पुढेमागे भरली. पहिल्या पदात ऱ्हस्व की दीर्घ, यावर दोघांचे एकमत होईना. तेव्हा माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नाव त्यांचे आहे. ते म्हणतील तसे लिही."